पेत्का-चापायेवच्या खेळात रशियनच्या जागी कचरा अक्षरं: औषध देण्याआधी कचरा ओळखा

‘पेत्का आणि वसीली इवानोविच आकाशगंगा वाचवतात’ (वसीली इवानोविच म्हणजेच चापायेव) हा बुका कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेला रशियन खेळ आजच्या विंडोजवर बऱ्याचदा सुरू होतो. संगीत वाजतं, पेत्का इकडेतिकडे फिरतो, आवाजही येतात. मात्र संवादाची ओळ आणि वस्तूंची नावं जिथे यायला हवीत तिथे भलतीच अक्षरं उमटतात. १९९९ च्या दुसऱ्या भागातही हेच होतं. इंग्रजी आवृत्ती असेल तर हा त्रास नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे अंक सगळीकडे तेच असतात. रशियन आवृत्तीत मात्र तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि उत्तरही तेच मिळतं: ‘सिस्टिम लोकॅल रशियन करा.’ सिस्टिम लोकॅल म्हणजे जुन्या प्रोग्रॅमचा मजकूर कोणत्या भाषेच्या तक्त्याने वाचायचा हे ठरवणारं विंडोजचं सेटिंग. अर्ध्या वेळा ते बरोबर असतं. उरलेल्या अर्ध्या वेळा आजार वेगळा असतो, त्यामुळे लोकॅल बदलूनही खेळ सुधारत नाही आणि मशीनवरची दुसरी कामं बिघडतात ते वेगळंच.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी पडद्यावर नेमका कोणता कचरा दिसतोय ते नीट पाहा. त्याच्या रूपावरूनच कारण कळतं.

एक शब्द, सहा अंक

जुन्या रशियन विंडोजमध्ये प्रत्येक अक्षर एका अंकाने साठवलं जाई. त्या तक्त्याचं नाव कोडपेज १२५१. ‘पेत्का’ हा शब्द रशियन लिपीत सहा अक्षरांचा आहे आणि खेळाच्या फाइलमध्ये तो २०७, २२९, २४२, २५२, २३४, २२४ असा बसलेला असतो. फाइलमध्ये एवढंच आहे. हे अंक कोणत्या तक्त्यातून वाचायचे हे खेळ सांगत नाही, विंडोज ठरवतं. चुकीचा तक्ता उघडला की तेच सहा अंक वेगवेगळी सोंगं घेतात.

पश्चिम युरोपच्या १२५२ तक्त्यातून वाचलं तर पेत्काचा होतो: डोक्यावर दोन टिंबं असलेला मोठा आय, डोक्यावर कडं घातलेला ए, तिरकी रेघ असलेला ओ, दोन टिंबांचा यू, टोपीवाला ई आणि तिरकी रेघ असलेला ए. अक्षरं मोजा, बरोबर सहा भरतात. रोमन अक्षरांवर रेघा, टिंबं, टोप्या आणि शब्दांची लांबी जागच्या जागी, हे दिसलं तर आजार अगदी साधा आहे: लोकॅल रशियन नाही. भारतात विकलेल्या बहुतेक संगणकांवर हेच दिसतं, कारण इंग्रजी (भारत) या लोकॅलचं कोडपेज १२५२ आहे.

रशियन अक्षरंच दिसतात पण शब्द निरर्थक, मध्येच चौकटीच्या दुहेरी रेघा आणि ‘नंबर’चं चिन्ह आलेलं, असं असेल तर १२५१ चा मजकूर डॉसच्या ८६६ तक्त्यातून वाचला गेला आहे. ८६६ मध्ये २५२ म्हणजे नंबरचं चिन्ह आणि २२४ म्हणजे ‘र’. पेत्काच्या शेवटच्या ‘आ’चा तिथे ‘र’ होतो. खेळाच्या आत हे क्वचितच दिसतं, सोबतची ‘वाचा’ फाइल कमांडच्या काळ्या खिडकीत उघडली की हमखास दिसतं. त्यासाठी संगणक बदलायची गरज नाही. ती फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, एन्कोडिंग मेनूतून कॅरॅक्टर सेट्स, सिरिलिक, विंडोज-१२५१ निवडा.

फोल्डर आणि फाइलींच्या नावांत ग्रीक अक्षरं आणि अनंताचं चिन्ह दिसत असेल, तर दोष झिप उघडण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या रशियन झिपमध्ये नावं ८६६ मध्ये असतात आणि इंग्रजी संगणक ती ४३७ तक्त्यातून वाचतो. रशियनमधलं मृदूचिन्ह (आधीचं व्यंजन मऊ करणारं अक्षर) ८६६ मध्ये २३६ आहे, आणि ४३७ मध्ये २३६ म्हणजे अनंत. पेत्काच्या नावात मृदूचिन्ह आहेच, म्हणून त्याच्या पोटात अनंत सापडतं. इथे लोकॅलला हात लावू नका. झिप पुन्हा उघडा: सेव्हन-झिपच्या कमांडमध्ये शेवटी वजाचिन्ह, एमसीपी, बरोबरचं चिन्ह आणि ८६६ असं जोडा, मधे जागा न सोडता. आधी उलगडलेला फोल्डर पुसून टाका. चुकीच्या नावांच्या फाइली तिथे राहिल्या तर नवीन आणि जुन्या एकत्र पडून गोंधळ वाढतो.

काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, आणि तेही जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या जागी, असं असेल तर कुणीतरी विंडोजमध्ये ‘बीटा: युनिकोड यूटीएफ-८’ ही खूण केलेली आहे. बऱ्याचदा ती मराठी नीट दिसावी म्हणून केलेली असते. यूटीएफ-८ च्या नियमानुसार २०७ नंतर १२८ ते १९१ मधलाच अंक यायला हवा. इथे येतो २२९. १२५१ मधली ‘यो’ सोडून सगळी रशियन अक्षरं १९२ ते २५५ मध्येच असल्याने हा नियम प्रत्येक पावलाला मोडतो आणि विंडोज दर वेळी हात टेकून तेच एक चिन्ह लावतं.

आणि नुसती साधी प्रश्नचिन्हं, ओळीने? हे सगळ्यात वाईट. वरच्या सगळ्या प्रकारांत मूळ अंक शाबूत असतात, फक्त वाचण्यात चूक होते. साधं प्रश्नचिन्ह म्हणजे रूपांतर होऊन गेलं, अक्षर तक्त्यात सापडलं नाही म्हणून त्याच्या जागी ६३ हा अंक लिहिला गेला आणि मूळ अक्षर गेलं. असा मजकूर कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. डिस्कवरून फाइल पुन्हा आणा.

रिकामे चौकोन दिसले तर अंक बरोबर वाचले जात आहेत, फॉन्टमध्ये रशियन अक्षरं नाहीत. विंडोजवर हे सहसा होत नाही, लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम तिथे चालवणाऱ्या साधनातून) खेळताना होतं. वाइनट्रिक्समधून कोअरफॉन्ट्स बसवले की बहुतेक वेळा भागतं.

सगळ्यात कमी त्रासाची वाट: स्कमव्हीएम

कचरा कोणताही असो, तुमच्याकडे पहिल्या किंवा दुसऱ्या भागाच्या मूळ फाइली असतील तर आधी स्कमव्हीएम, म्हणजे जुने खेळ नव्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, वापरून पाहा. २.५.० या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२१) हे दोन्ही भाग त्यात चालतात. खेळाची मूळ एक्झी फाइल (जिच्यावर टिचकी मारून खेळ सुरू होतो ती) इथे लागतच नाही. स्कमव्हीएम खेळाचा डेटा स्वतः वाचतं आणि मजकूर १२५१ चा आहे हे त्याला आधीच माहीत असतं. विंडोजचं लोकॅल काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

डिस्कवरच्या सगळ्या फाइली उपफोल्डरांसह एका फोल्डरमध्ये काढा. निवडून काढू नका. आकाराने लहान म्हणून सोडलेली एखादी आयएनआय फाइल नसेल तर खेळ ओळखला जातो आणि पुढच्या दृश्यात बंद पडतो, मग दोष शोधायला तास जातो. त्यानंतर स्कमव्हीएममध्ये ‘ॲड गेम’ दाबा, तो फोल्डर निवडा. यादीत ‘रेड कॉम्रेड्स’ असं नाव दिसेल, इंग्रजीत हा खेळ त्याच नावाने ओळखला जातो. भाषा रशियन आहे ना ते बघा आणि सुरू करा.

इथे एकच गोष्ट अडवते: दृश्य येतं, आवाज येतो, मजकूर मात्र अजिबात नाही, कचराही नाही. असं झालं तर ‘फॉन्ट्स डॉट डॅट’ ही फाइल स्कमव्हीएमच्या फोल्डरमध्ये आहे का पाहा. अधिकृत पॅकेजमध्ये ती येते. कुणी फक्त मुख्य एक्झी उचलून पेन ड्राइव्हवर दिली असेल तर ती मागे राहते.

मूळ खेळातले जुने सेव्ह इकडे चालतील असं धरून चालू नका. अर्धा खेळ झाला असेल तर मूळ खेळच दुरुस्त करायला हवा.

मूळ खेळच चालवायचा असेल तर

क्रम महत्त्वाचा: आधी लोकॅल, मग इन्स्टॉल. उलटं केलं तर इन्स्टॉलर फोल्डर आणि शॉर्टकट कचरा नावांनी बनवतो आणि लोकॅल नंतर बदललं तरी ती नावं तशीच राहतात. आधीच इन्स्टॉल केलं असेल तर सेव्ह बाजूला काढून खेळ काढून टाका आणि पुन्हा बसवा.

विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह हा टॅब, चेंज सिस्टिम लोकॅल. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, आणि तिथून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज. यादीतून रशियन (रशिया) निवडा, यूटीएफ-८ ची बीटा खूण काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. रशियन भाषेचं पॅक उतरवावं लागत नाही, मेनू इंग्रजी किंवा मराठीच राहतात. इथे मराठी (भारत) निवडून काही साधत नाही. मराठीसाठी असं जुनं कोडपेज विंडोजने कधी बनवलंच नाही, ती थेट युनिकोडमध्येच आली.

बदल लागू झाला का ते बघायला कमांडच्या खिडकीत सी, एच, सी, पी ही चार अक्षरं टाइप करून एंटर दाबा. ८६६ आलं तर लोकॅल रशियन झालं. ४३७ किंवा ८५० आलं तर अजून झालेलं नाही, बहुधा रीस्टार्ट राहिला आहे. ६५००१ आलं तर बीटाची खूण तशीच आहे. इथे १२५१ दिसत नाही म्हणून घाबरू नका. ही खिडकी डॉसच्या तक्त्याचा आकडा दाखवते, १२५१ हा विंडोजचा तक्ता.

आता मराठी वाचकांसाठी खास इशारा. त्याच संगणकावर जुन्या आठ-बिटी मराठी फॉन्टमध्ये काम चालत असेल, म्हणजे छापखान्याच्या जुन्या फाइली, युनिकोडच्या आधीची लग्नपत्रिका, स्मरणिका वगैरे, तर सिस्टिम लोकॅल बदलू नका. ते फॉन्टही १२८ ते २५५ याच अंकांच्या जागी मराठीचे तुकडे बसवतात आणि १२५२ गृहीत धरतात. लोकॅल रशियन झालं की त्या प्रोग्रॅममध्ये वेलांट्यांच्या जागी रशियन अक्षरं यायला लागतात. तेही कुणाच्या तरी कामाची मुदत दुसऱ्या दिवशी असताना.

अशा वेळी फक्त एका खेळापुरतं लोकॅल बदलणारं लोकॅल एम्युलेटर वापरा. ते ३२ बिटी प्रोग्रॅमसाठी आहे आणि हा खेळ ३२ बिटीच आहे, त्यामुळे अडचण नाही. ते कायमच्या जागी उलगडा, त्यातला इन्स्टॉलर एकदा चालवा. नंतर तो फोल्डर हलवला तर उजव्या टिचकीतला मेनू बंद पडतो. खेळाच्या एक्झीवर उजवी टिचकी मारून त्या प्रोग्रॅमसाठी प्रोफाइल बनवा आणि स्थान रशियन करा. तयार प्रोफाइल जपानी असतं. घाईत तेच दाबलं तर पेत्का जपानी बोलायला लागतो आणि लोक म्हणतात, ‘हे साधन चालत नाही.’

लोकॅल रशियन केलं, तरी टोपीवाली अक्षरं जात नाहीत

हा प्रकार घडतो तेव्हा प्रोग्रॅम विंडोजकडे फॉन्ट मागताना कॅरॅक्टर सेट शून्य, म्हणजे पश्चिम युरोपचा, असं स्पष्ट सांगत असतो. लोकॅल काहीही असलं तरी विंडोज तेच देतं. रशियनचा क्रमांक २०४ आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, रेजएडिटने उघडून) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, फॉन्ट सब्स्टिट्यूट्स इथे जा. ‘एरियल स्वल्पविराम ०’ या नावाची स्ट्रिंग बनवा आणि तिची किंमत ‘एरियल स्वल्पविराम २०४’ द्या, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न ठेवता. प्रत्येक फॉन्टला वेगळी नोंद लागते, म्हणून टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यूसाठीही तेच करा. आधी त्या कीची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा. रीस्टार्ट लागतो.

याच्याच आसपास एक दुसरा ‘उपाय’ फिरतो: रजिस्ट्रीत १२५२ च्या समोर १२५१ च्या तक्त्याची फाइल लिहायची, किंवा ती फाइलच उचलून दुसरीच्या नावाने ठेवायची. तो करू नका. त्याने १२५२ म्हणणारा प्रत्येक प्रोग्रॅम फसतो, फ्रेंच-जर्मन नावांपासून जुन्या मराठी फॉन्टपर्यंत, आणि दोन वर्षांनी बिघाड झाला की कारण कुणाला आठवत नाही.

फोल्डरचं नाव देवनागरीत

खेळ सुरूच होत नाही, ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो, आणि तो डेस्कटॉपवर ‘खेळ’ किंवा ‘रशियन गेम’ अशा देवनागरी फोल्डरमध्ये आहे? कारण तिथेच. जुना प्रोग्रॅम पत्ता १२५१ किंवा १२५२ मध्ये मागतो. ‘ख’ त्यात कुठेच नाही, म्हणून त्याचं प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह तर विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाही, त्यामुळे असा पत्ता अस्तित्वात असणंच शक्य नाही. सी ड्राइव्हवर सरळ इंग्रजी नावाचा छोटा फोल्डर करा.

विंडोजचं वापरकर्ता नावच देवनागरीत असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बाद होतात. इन्स्टॉलर तात्पुरत्या फाइली जिथे ठेवतो तो टेम्प फोल्डरही त्याच नावाखाली असतो, म्हणून इन्स्टॉल मध्येच तुटू शकतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना सी ड्राइव्हवरचा साधा टेम्प फोल्डर द्या, इन्स्टॉल झालं की जुनी किंमत परत ठेवा.

प्रोग्रॅम फाइल्समध्येही बसवू नका. तिथे लिहायची परवानगी नसल्याने विंडोज सेव्ह गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये ठेवतं. मग कुणी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लावायला सांगतं, तो आडमार्ग बंद होतो आणि सगळे सेव्ह नाहीसे झाल्यासारखे वाटतात. गेलेले नसतात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये बघा.

टिचकी भलतीकडे लागते

मजकूर सुधारल्यावर लगेच येणारी तक्रार. या खेळात उजव्या टिचकीने लाल तारा उघडतो. त्यावर बघणं, घेणं, वापरणं, बोलणं असे पर्याय असतात, शिवाय काम चापायेववर ढकलायचीही सोय आहे. खेळाचं दृश्य ६४० बाय ४८० चं आहे आणि लॅपटॉपचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असलं की दिसणारा तारा आणि खेळाला वाटणारा तारा सरकतात. ‘बघ’ दाबलं की ‘घे’ लागतं. एक्झीच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, खालच्या ओव्हरराइडवर खूण आणि यादीतून ‘ॲप्लिकेशन’. रंगही विचित्र असतील तर त्याच टॅबवर रिड्यूस्ड कलर मोड १६ बिट करा.

रशियन येत नसेल तर

हे सगळं एवढ्या खटपटीने का करायचं, आवाज तर येतोय, असं वाटू शकतं. पण या खेळाचा विनोद शब्दांत आहे. चापायेव (१८८७–१९१९) हा रशियन यादवी युद्धातला खरा लाल सेनानी. १९३४ मध्ये त्याच्यावरचा चित्रपट आला आणि त्यानंतर तो, त्याचा सहायक पेत्का आणि मशीनगनवाली आन्का हे तिघं सोव्हिएत लोकांच्या तोंडी किश्श्यांचे नायक झाले. एका किश्श्यात विमान चालवताना चापायेव ओरडतो, ‘पेत्का, उपकरणं!’ पेत्का म्हणतो, ‘वीस!’ ‘वीस काय?’ ‘उपकरणं काय?’ खेळ अशाच चालीवर चालतो. वसीली इवानोविच चापायेवची आद्याक्षरं जोडली तर रशियनमध्ये एचआयव्हीचा शब्द होतो. असं काही भाषांतरात कधीच उतरत नाही, पण निदान ओळ वाचता आली तर शोधता येते.

फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करायचं असेल तर खेळ खिडकीत चालवा, पूर्ण पडद्यावर नको. स्कमव्हीएममध्ये ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की खिडकी होते. चित्र मोठं करताना धूसर करणारा फिल्टर बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा रशियन ‘श’ आणि ‘श्च’ यांत गफलत करतो. संवादाची ओळ पटकन जाते.  ती जाण्याआधी ग्लोबल मेनूची कळ, कंट्रोल आणि एफ५, दाबून दृश्य गोठवा. मात्र मेनू मधोमध येतो आणि खालची ओळ झाकत असेल तर स्क्रीनशॉट आधी घ्या: ऑल्ट आणि एस.